घर पाहावे लावून

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे ज्या कोणा गृहस्थाने प्रथम म्हटले, त्याने घर बांधून झाल्यावर ते लावायचे काम बायकोवर सोपवले असावे आणि आपण पानाचा डबा घेऊन ओटीवर जाऊन बसला असावा. नाहीतर म्हणीला तिसरे कलम जोडल्यावाचून तो राहता ना. लग्नात भांडण होते ते व्याह्यांशी, बांधकामात होते ते कंत्राटदाराशी. पण घर लावताना जे होते ते आपल्याच माणसांशी, आणि तेही एखाद्या स्टुलावरून.

एरंडवण्यातली आमची तीन मजली सोसायटी पाडून तिथे उंच इमारत उभी राहिली. तीन वर्षे भाड्याच्या जागेत काढल्यावर गेल्या वर्षी नवव्या मजल्यावरच्या नव्या घराची किल्ली हाती आली. जुन्या घरात भिंती पुष्कळ होत्या आणि खिडक्या बेताच्या. नव्या घरात जिकडे पाहावे तिकडे काचा. उजेड भरपूर, पण कपाट काही उजेडाला टेकवून उभे करता येत नाही.

"बाबा, जुनं सगळं काढून टाकू या. नवं घर, नवं सामान," चिरंजीव म्हणाले. सूनबाई अधिक शिस्तीच्या. त्यांनी टेप घेऊन प्रत्येक वस्तू मोजली आणि वहीत तीन रकाने आखले : ठेवायचे, द्यायचे, विचार करायचा. 'विचार करायचा' हा रकाना दोनच दिवसांत भरून वाहू लागला, आणि त्यातली बहुतेक सगळी नावे माझ्या वस्तूंची होती. सगळ्यात वर होते आमच्या आजोबांचे शिसवी कपाट.

या कपाटाविषयी थोडे सांगितले पाहिजे. सात फूट उंच, साडेचार फूट रुंद, दोन दारांचे. डोक्यावर कोरीव महिरप. पुण्याच्या कँपातून विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाच्या लिलावात आजोबांनी ते घेतले, असे घरात सांगत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, तेव्हा आम्ही नारायण पेठेत राहत होतो. मी सहा वर्षांचा होतो. अंगावरच्या कपड्यांनिशी आम्ही पर्वतीच्या बाजूला पळालो. परत आलो तेव्हा वाड्यात सगळा चिखल, आणि त्या चिखलात हे कपाट मात्र जागच्या जागी उभे. दारे फुगून घट्ट बसली होती. शेजारच्यांनी पहार आणून दिली. पण वडिलांनी दाराला पहार लावू दिली नाही. दीड महिना ते सावलीत सुकत ठेवले आणि गणपतीच्या सुमारास एके सकाळी दार आपणहून सुटले. डाव्या दारावर पाण्याची पुसट रेघ अजून आहे. पॉलिश किती वेळा झाले, तरी ती पुन्हा वर येतेच.

असे कपाट माणूस टाकतो का? पण चिरंजीव म्हणाले, "बाबा, प्रश्न टाकायचा नाही. हे लिफ्टमध्ये जात नाही." आणि नऊ जिने चढवायला हमालांनी जो आकडा सांगितला, त्यात एक नवे कपाट सहज आले असते.

मग मी अभ्यासाला लागलो. निवृत्त माणसाला हे एक बरे असते. कुठल्याही भांडणाचा तो अभ्यास करू शकतो. शंभर वर्षे उलटलेली ती 'अँटिक', असा जगभरचा व्यापारी संकेत आहे, आणि आपला १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही ऐतिहासिक मोलाच्या वस्तूला साधारणपणे शंभर वर्षांचीच अट घालतो. त्याहून अलीकडची, पण आपल्या काळाची ओळख सांगणारी, ती 'व्हिंटेज'. हा शब्द मूळचा द्राक्षाच्या हंगामाचा. दारूच्या बाटलीवरून तो खुर्च्यांवर आला. आणि उरलेले ते नवे. सूनबाईंच्या तीन रकान्यांना माझे हे तीन रकाने समोरासमोर उभे राहिले.

अभ्यासाबरोबर थोडी खरेदीही करावी, म्हणून एक जुने लिहायचे टेबल शोधू लागलो. मुंबईला भेंडीबाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवर, ज्याला सगळे चोरबाजार म्हणतात, आणि जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या बाजूला जुन्या सामानाची दुकाने आहेत. चोरबाजारातली दुकाने शुक्रवारी बंद असतात, हे मला शुक्रवारी तिथे पोचल्यावर कळले. रस्त्यावर पहाटे भरणारा बाजारही आवरत आला होता. ओशिवऱ्याला गेलो तर टेबले इतकी होती की, डोळे दिपून मी काहीच न घेता परत आलो.

शेवटी एका दुकानात टेबल सापडले. दुकान कुठल्या गावी ते सांगत नाही. दुकानदार म्हणाला, "राणी व्हिक्टोरियाच्या वेळचं आहे, काका." टेबलावर शाईचे डाग होते, कडा झिजल्या होत्या, एका कोपऱ्याला जळाल्याची खूण होती. मी मनातल्या मनात त्यावर बसून आत्मचरित्राचे पहिले पान लिहूनही टाकले. सुदैवाने आमचे मिस्त्री बरोबर होते. त्यांनी टेबलाच्या वरच्या बाजूकडे ढुंकूनही पाहिले नाही. खण ओढून बाहेर काढला, पालथा केला आणि त्याच्या तळावरून बोट फिरवले.

"काका, हात लावून बघा."

मी हात लावला. गुळगुळीत होते.

"हातरंध्याची फळी अशी लागत नाही. बारीक लाटा लागतात बोटाला. ही मशीनची."

मग त्यांनी खण ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या दाखवल्या. शंभर वर्षे खण मागे-पुढे होत असेल, तर त्या पट्ट्या झिजून खोलगट व्हायला हव्यात. या कोऱ्या होत्या. टेबल वरून म्हातारे आणि आतून तरुण. मागच्या बाजूला अधिकच्या चिन्हाचे स्क्रू होते. हे स्क्रू १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत निघाले आणि राणी १९०१ सालीच वारली. साखळीने मारून ओरखडे पाडायचे, चहाच्या पाण्याने रंग चढवायचा, ही विद्या मिस्त्रींनी मला परतीच्या वाटेवर सांगितली. "गोल टेबल जुनं म्हणून कुणी दाखवलं, तर टेप लावायची. लाकूड आडवं आटतं, उभं आटत नाही. खरं जुनं गोल टेबल जराऽसं लांबट झालेलं असतं." आणि जुन्या वस्तूच्या पायाशी पिठासारखा ताजा भुगा दिसला तर ती फुकटसुद्धा आणायची नाही, कारण आत कीड जिवंत आहे.

या ज्ञानाने माझे समाधान झाले असते, पण मला अवदसा आठवली. घरी आल्यावर मी मिस्त्रींना म्हटले, "आता आमचं कपाट बघा."

त्यांनी ते ओढून पुढे घेतले आणि मागे गेले. बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "समोरचं सगळं जुनं आहे काका. झकास आहे. पाठ मात्र साध्या देवदाराची आहे. आतल्या दोन फळ्यासुद्धा."

पुरानंतर पाठ कुजली असेल आणि वडिलांनी मिळतील त्या फळ्या लावून घेतल्या असतील. हे मला साठ वर्षांत कुणी सांगितले नव्हते, आणि कपाट भिंतीला लावलेले असल्यामुळे कळायचा मार्गही नव्हता. म्हणजे आमचे अँटिक समोरून अँटिक होते आणि पाठीमागून १९६१ चे. चिरंजीव हसले नाहीत, हे त्यांचे सौजन्य.

इकडे नव्या सामानाची पाहणी सूनबाईंनी चालवली होती, आणि त्यांच्याकडून मी जे शिकलो ते माझ्या अभ्यासापेक्षा कमी नव्हते. दुकानातला माणूस सगळ्यालाच "वुडन" म्हणतो. पण त्यात लाकूड किती आणि कोणत्या रूपात, हे विचारावे लागते. प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाचे रेषे उभे तर दुसऱ्याचे आडवे, असे चिकटवलेले. म्हणून ते वाकत नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा आणि डिंक. सूनबाईंनी एका रात्री तिन्हींचे तुकडे बादलीत टाकून ठेवले : पार्टिकल बोर्ड, साधे प्लायवुड आणि मिस्त्रींकडचा सागवानाचा तुकडा. सकाळी पार्टिकल बोर्ड चहात पडलेल्या खारीसारखा फुगला होता. प्लायवुडची एक कड जरा उकलली होती. सागवान नुसता काळसर झाला होता, बस्स. त्याच्या अंगात तेल असते, पाणी सहसा आत शिरत नाही. प्लायवुडवर आय. एस. ३०३ असा छाप असला तर ते सर्वसाधारण वापराचे, आणि ७१० असला तर पाण्याला टिकणारे. स्वयंपाकघरातल्या मोरीखाली दुसरेच घ्यावे, मग दुकानदार काहीही म्हणो.

मात्र त्या बादलीवरून मी विजयाची आरोळी ठोकणार, तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, "पण बाबा, पुस्तकांचं शेल्फ आपण बादलीत ठेवणार आहोत का?" हेही खरेच. कोरड्या खोलीत, फळी आखूड असेल तर, भुशाची वस्तूही चालते. तिचा खरा दोष निराळा आहे. तिचा स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात तो पुन्हा धरत नाही. भाड्याच्या घरांतून तीनदा बिऱ्हाड हलवले की ती संपली. आणि नव्या कपाटाला उग्र वास येतो तो त्यातल्या डिंकाचा. आठवडाभर दारे उघडी ठेवून तो जाऊ द्यावा.

पाळण्याच्या बाबतीत मात्र मी हरलो. माझा स्वतःचा पाळणा, त्याच्यावर निळ्या रंगाचे चार थर. माझ्या मते तो नातीच्या बाहुल्यांना उत्तम होता. सूनबाईंनी साफ नाही म्हटले. जुन्या रंगात शिसे असते आणि पोर कडा चावते. मी दोन दिवस रुसून होतो. तिसऱ्या दिवशी वाचले की, घरगुती रंगातल्या शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपलीकडे जाऊ नये, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्याआधीच्या रंगाची हमी कोण देणार? घासायला जावे तर धूळ आणखी वाईट. पाळणा 'द्यायचे'मध्येही लिहिता येईना, कारण दुसऱ्याच्या पोरालाही दात असतातच.

एक माझाही विजय सांगतो. जुन्या बाजारातून, जो आपल्याकडे बुधवारी आणि रविवारी भरतो, मी दोन इराण्याच्या खुर्च्या आणल्या. गोल बैठकीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या. हा प्रकार १८५९ साली मिखाएल थोनेट या व्हिएन्नाच्या कारखानदाराने काढला. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात खुर्ची. एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या करून बसत आणि त्या जगभर जात. चिरंजीव ज्या खोक्यातल्या, घरी जोडायच्या सामानाचे कौतुक करीत होते, ते सामान आमच्या आजोबांहूनही जुने निघाले. वेताची बैठक फाटली होती, ती विणून घेतली. पैसे खुर्चीच्या किमतीहून जास्त पडले. पण ते मी वहीत लिहिले नाही.

या सगळ्या गडबडीत एका माणसाला कुणीच काही विचारले नव्हते. सौभाग्यवतींना. त्या येता-जाता वही पाहत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. एके संध्याकाळी मला दिसले की, 'द्यायचे'च्या रकान्यातली एक ओळ पेनाने खोडली आहे. ओळ होती : 'लोखंडी कपाट, करडे, आरसा तडकलेला.'

आता हे कपाट मी सुद्धा 'द्यायचे'मध्ये घालायला संमती दिली होती. गोदरेज कंपनीने १९२३ पासून लोखंडी कपाटे करायला घेतली आणि पुढे कुणीही केलेले लोखंडी कपाट घरोघर 'गोदरेजचं कपाट' झाले, त्यातला प्रकार. आमचे कुठल्या कारखान्यातले, तेही आता वाचता येत नव्हते. खालचा पत्रा गंजला होता.

"अगं, हे कशाला खोडलंस? तुला नवं करून देतोय ना मुलगा, भिंतभर."

"देऊ दे की. ते त्यांचं. हे माझं आहे."

"माझं म्हणजे?"

त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली. "अहो, मी ऐंशी साली या घरात आले. त्या तुमच्या शिसवी कपाटात मला एक फळी मिळाली होती. तिसरी. आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. सकाळी ऑफिसला जायचं, तर आधी पातळासाठी किल्ली मागायची. त्या पूजेला बसलेल्या असल्या की थांबायचं. माझा मस्टर दोनदा लाल झाला त्या पायी. तीन वर्षं तसं केलं. मग पतपेढीचं कर्ज काढून हे घेतलं. सोळा हप्ते, माझ्या पगारातले."

मी म्हटले, "हे मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं कुठं?" आवाज चढलेला नव्हता. "आणि त्या काही वाईट नव्हत्या हो. त्यांनाही त्यांच्या सासूनं अशीच दिली असेल किल्ली, म्हातारपणी."

मी गप्प झालो. त्या तीन वर्षांत त्याच कपाटातून मी रोज इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडत होतो. मला कधी किल्ली मागावी लागली नव्हती. सदरा खुर्चीच्या पाठीवर ठेवलेलाच असे. तो तिथे कसा येतो, हा प्रश्न मला पडल्याचे स्मरत नाही. पुराची रेघ मी आल्या-गेल्याला दाखवीत असे. तिसऱ्या फळीची गोष्ट घरात माझ्या शेजारी चाळीस वर्षे उभी होती.

त्या रात्री मी वही घेतली आणि शिसवी कपाट 'द्यायचे'मध्ये लिहिले. हे काही फार मोठे मन केले असे नाही. पाठ देवदाराची निघाल्यापासून माझे प्रेम जरा कमीच झाले होते.

सकाळी सौभाग्यवतींनी तीही ओळ खोडली.

"कपाटानं काय केलंय?" त्या म्हणाल्या. "मिस्त्रींना विचारा, सुटतं का ते."

साठ वर्षांत हे कुणाच्याही डोक्यात आले नव्हते! मिस्त्री आले. आधी वरची महिरप दोन्ही हातांनी उचलली; ती नुसती बसवलेली होती. मग बाजूच्या फळ्यांतल्या लाकडी खुंट्या एकेक करून आतून ठोकल्या. एक खिळा नाही, सरस नाही. एकात खाच, दुसऱ्यात तिच्यात बसणारी जीभ, आणि आरपार खुंटी. पाऊण तासात ते सात फुटांचे कपाट भिंतीला टेकवलेल्या अकरा तुकड्यांत आमच्या दिवाणखान्यात उभे राहिले. साहेब ते बोटीने नेण्यासाठीच करून घेत असावेत. करवत लागली ती फक्त पाठीला, कारण ती वडिलांच्या सुताराने खिळे मारून पक्की केली होती.

एका खाचेतून मऊ, करडी माती खाली सांडली. मिस्त्री ती फुंकणार होते. मी हात धरला. सौभाग्यवतींनी सुपली आणली, आणि ती माती नव्या घराच्या गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत गेली. पानशेतचा गाळ आहे, तुळशीला मानवेल, असे त्या म्हणाल्या.

आता घर लागले आहे. स्वयंपाकघरात ७१० चे प्लायवुड आहे. नातीच्या खोलीत खोक्यातून आलेले शेल्फ आहे. ते चिरंजीवांनी स्वतः जोडले, तीन स्क्रू उरले, आणि ते कुठे लागायचे हे अजून ठरलेले नाही. पोर ओढून घेऊ नये म्हणून ते पट्टीने भिंतीला बांधले आहे. इराण्याच्या खुर्च्यांवर सकाळी आम्ही दोघे चहा घेतो. लोखंडी कपाट आमच्या खोलीत आहे, गंज घासून, पुन्हा करड्याच रंगात. आरसा मात्र बदलू दिला नाही.

शिसवी कपाट अकरा तुकड्यांनी लिफ्टमधून वर आले आणि बाहेरच्या खोलीत, त्या घरात असलेल्या एकुलत्या एक खऱ्या भिंतीला उभे राहिले. पाठीला नवे प्लायवुड लावले. सगळे झाल्यावर मिस्त्रींनी पितळी कुलूप हातात घेऊन विचारले, "काकू, हे बसवू ना परत?"

"कुलूप नको," सौभाग्यवती म्हणाल्या. "नुसती कडी लावा."

तिसरी फळी नातीला दिली आहे. तिथे सध्या तिचे रंगीत खडू आणि एक फुटका शंख आहे.